हातात द्यायचं नाही

१० सप्टेंबर २०१७, रविवार

सुनेनं ही वही दिली. म्हणाली, "आई, सकाळी बोट टोचल्यावर मशीनवर जो आकडा दिसेल तो तारखेसकट इथं लिहायचा. मी रविवारी बघीन." बघ म्हटलं. पुढून साखर लिहीन. वही उलटी धरून मागून जे लिहीन ते तिनं बघायचं कारण नाही.

माझं शिक्षण चौथी. पण तालुक्याच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं आया होते. कुणाची नाळ किती वाजता कापली ते रजिस्टरात मीच लिहायची. शुद्धलेखन एकाही बाळानं तपासलं नाही.

ब्रॅम्पटनला येऊन पाच महिने झाले. जयदीप, माझा एकुलता एक, वॉनला एका गोदामात सुपरवायझर आहे. उल्का, त्याची बायको, कोल्हापुरात बँकेत कॅशियर होती. इथल्या बँका विचारतात, कॅनडातला अनुभव आहे का? नाही म्हटलं की दार बंद. मग तिनं सहा आठवडे पत्ते वाटायचा कोर्स केला आणि कॅसिनोत लागली. जुगाराच्या अड्ड्यावर माझी सून पत्ते वाटते. गावाकडं मी "हॉटेलात मॅनेजर आहे" असं सांगितलंय. नात जाई आठ वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघी एकमेकींना बहिरं समजतो.

आज साखर १७१. गोळ्या आणि त्या टोचायच्या पट्ट्या इथं सरकार म्हाताऱ्या माणसांना फुकट देतं, असं उल्का सांगत होती. बरं सरकार आहे.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

उल्काला एक खोड लागलीय. काम संपलं की तळव्यावर तळवा घासते, एकदा टाळी वाजवते आणि हात उताणे-पालथे करून समोर दाखवते. पोळ्या झाल्या की तेच, भांडी झाली की तेच. आज विचारलं, "कुणाला दाखवतेस गं? ओट्याला?"

"सवय झाली, आई. टेबल सोडताना दाखवावं लागतं, हातात काही लपवलं नाही म्हणून. वर कॅमेरा असतो."

जाईनंही लगेच तसंच करून दाखवलं. "सी आजी? नथिंग!" चांगलं शिक्षण चाललंय.

आता दुसरी गोष्ट. दर दुसऱ्या शुक्रवारी उल्का एक खाकी पाकीट आणते. पगार वेगळा, हे टिपांचे. आज चार वाजता आली. मी सोफ्यावर पडले होते, झोपले नव्हते. तिनं पाकिटातून विसाच्या हिरव्या नोटा मोजून काढल्या. सात. त्या पर्समधल्या आतल्या कप्प्यात घातल्या आणि उरलेले घरखर्चाच्या डब्यात ठेवले.

मी डोळे मिटून घेतले. मला बोलायला तोंड कुठंय? दवाखान्यात मुलगा झाला की बाप शंभराची नोट मुठीत कोंबायचा. मुलगी झाली की वीस, आणि चेहरा असा करायचा की जणू मीच बदलली. घरी नवऱ्याला निम्मेच सांगायची. निम्मे परकराच्या नेफ्यात. त्यातून जयदीपची कॉलेजची फी निघाली. म्हणून मला कळतं. बाई पैसे बाजूला काढते ते मनात काहीतरी धरून काढते. माझ्या मनात पोरगा होता. हिच्या मनात काय आहे?

जयदीप यंदाही झिजलेल्या विंटर टायरवरच गाडी रेटणार म्हणतोय. पैसे नाहीत म्हणे.

२० सप्टेंबर, बुधवार

दोन घरं सोडून उमाताई राहते. नागपूरची, विधवा, पोराकडं असते. दर बुधवारी म्हाताऱ्यांची बस कॅसिनोला जाते, त्यात ही असते. वीस डॉलर घेऊन जाते, दिवसभर बसते, फुकटचं जेवण जेवते आणि परत येते. म्हणते, "देवळात तरी काय वेगळं करतो हो आपण?" तिच्या तोंडाला लागू नये.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, पत्ते वाटणाऱ्यांना टीप किती मिळते?

"ते पत्ते पाहून असते, प्रमिलाबाई. जिंकलं की एक चिप, म्हणजे पैशाची चकती, ठेवायची. पुष्कळ वेळ बसलं अन् वाटणारी बरी बोलली तर हरलो तरी ठेवायची. काही जण आपल्या चिपेपुढं एक चिप वाटणाऱ्याच्या नावानं लावतात. आपण जिंकलो तर त्यालेबी दुप्पट."

"आणि ती खिशात घालते?"

"खिसा असतेच कुठं! खिसे शिवलेले असतात. ती चिप टेबलाच्या काठावर दोनदा टकटक वाजवायची, म्हणजे साहेबाले कळते, अन् डब्यात टाकायची. डबा सगळ्यायचा. नंतर तासांवर वाटून घेतात. अन् एक ध्यानात ठेवा, हातात द्यायचं नाही. कधीच नाही. टेबलावर ठेवायचं, हात मागं घ्यायचा, मग ती उचलते."

मला ते पटलं नाही. टाकून भिकाऱ्याला देतात. माणसाला द्यायचं तर हातात द्यावं, वरून आपला हात मिटवावा. आणि डबा सगळ्यांचा हेही पटलं नाही. आमच्या दवाखान्यातही सगळ्या आयांचा एक डबा होता. त्यात आम्ही चिल्लर टाकायचो.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

पाकीट आलं. पुन्हा सात.

जयदीपला म्हटलं, "तुझी बायको टिपांतले किती देते रे घरात?" तो म्हणाला, "आई, तू त्यात पडू नकोस," आणि बाहेर जाऊन गवत कापायला लागला. गवत गेल्या रविवारीच कापलं होतं.

बुधवारी उमाताईबरोबर जाणार. उल्काची सकाळची पाळी आहे. लांबून बघीन. एका दिवसात किती पडतात ते कळलं की झालं.

४ ऑक्टोबर, बुधवार

साखर मोजली नाही.

जे झालं ते झालं तसं लिहिते.

बस दहाला निघाली. कॅसिनो म्हणजे खिडकी नसलेलं मोठं मंगल कार्यालय. घड्याळ कुठंच नाही. उमाताई एका अर्ध्या गोल टेबलाशी बसली. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पुढं गेलं की मेलं, एवढाच खेळ. मी तिच्या खुर्चीमागं उभी राहिले. पत्ते एक चिनी मुलगा वाटत होता. उमाताई जिंकली तेव्हा तिनं एक चिप पुढं सरकवली आणि हात मागं घेतला. त्यानं ती उचलून काठावर दोनदा वाजवली, थँक्यू म्हणाला आणि डब्यात टाकली. अगदी तिनं सांगितलं तसं.

थोड्या वेळानं त्यानं टाळी वाजवली, तळवे दाखवले आणि बाजूला झाला. त्याच्या जागी उल्का आली.

काळा शर्ट, गळ्याशी बो, केस घट्ट बांधलेले. तिनं मला बघितलं आणि चेहरा पांढरा पडला. मान वळवून मागच्या साहेबाला हाक मारायला लागली. आता कळतंय, नात्यातलं माणूस टेबलाशी असेल तर साहेबाला सांगायचा नियम आहे, आणि ती तेच करत होती. तेव्हा मला वाटलं, ही माझी लाज वाटून तोंड फिरवतेय.

आणि माझ्या डोक्यात आलं, बघूच ही काय करते ते. मी कंबरेच्या बटव्यातून वीसची नोट काढली, टेबलावर वाकले, तिचा हात धरला, नोट तळव्यावर ठेवली आणि बोटं मिटवली. जशी सगळ्यांना देते तशी.

उल्कानं मूठ मिटली आणि कपाळाला लावली.

लग्नानंतर पहिल्या दिवाळीत मीच तिला सांगितलं होतं, मोठ्यांनी हातात पैसे दिले की नको म्हणायचं नाही, मूठ मिटायची, कपाळाला लावायची. दहा वर्षं ती तेच करत आलीय. तिथंही हात आपोआप वर गेला. नंतर तिला भान आलं. तिनं मूठ उघडून नोट टेबलावर टाकली. इथल्या नोटा प्लास्टिकच्या, घडी धरत नाहीत. नोट आपली आपण उलगडली आणि टेबलावर पसरली, सगळ्यांना दिसेल अशी.

साहेब आला. मागून एक कोटवाली बाई आली. उल्कानं टाळी वाजवली, तळवे दाखवले. तिला आत घेऊन गेले. मला तिथंच उभं ठेवलं. एक शिपाई माझ्याशेजारी उभा राहिला, बस येईपर्यंत.

बसमध्ये उमाताई म्हणाली, "सांगितलं होतं ना, प्रमिलाबाई." एवढंच. एरवी तोंड मिटत नाही तिचं.

५ ऑक्टोबर, गुरुवार

उल्का घरी आहे. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही, पगार नाही. जयदीपनं समजावून सांगितलं. कॅमेऱ्यात दिसतंय की एका बाईनं तिच्या हातात पैसे दिले, तिनं मूठ मिटली आणि ती मूठ डोक्याकडं, केसांकडं नेली. ती बाई तिची सासू निघाली. आता त्यांना संशय, की दोघींचं ठरलेलं होतं. मी मागं उभी राहून खुणा करत होते की काय, असंही विचारताहेत. दोष निघाला तर नोकरीच नाही, पत्ते वाटायचा परवानाही जाईल. मग दुसऱ्या कुठल्या कॅसिनोतही घेणार नाहीत.

"तू तिथं गेलीसच का, आई?" जयदीपनं विचारलं.

"बघायला," म्हटलं.

उल्का ओट्याशी होती. वळली नाही. पोळ्या झाल्यावर हात धुतले आणि तशीच आत गेली. टाळी नाही, तळवे नाहीत.

८ ऑक्टोबर, रविवार

आज वही बघायचा वार. तिनं वही बघितली. पुढची बाजूच बघितली. "बुधवारचा आकडा नाही," म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

जयदीप शनिवार-रविवारही गोदामात जातोय.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

आज चौकशी झाली. मलाही बोलावलं होतं. जायची सक्ती नव्हती. जयदीप म्हणाला, "गेलीस तर एवढंच सांग, आई, आशीर्वाद म्हणून दिले. आपल्यात देतात. विषय संपेल." मलाही तेच बरं वाटलं. आशीर्वाद ऐकायला चांगला असतो.

खोलीत लांब टेबल. समोर ती कोटवाली बाई, तिच्याशेजारी एक लिहिणारा. इकडं उल्का, मी, आणि भाषा सांगायला नंदन नावाचे एक गृहस्थ. पुण्याचे, अर्धं टक्कल, मला काकू म्हणत होते.

बाईनं आधी कॅमेऱ्यातलं दाखवलं. मी स्वतःला कधी वरून बघितलं नव्हतं. एक म्हातारी चोरट्यासारखी मान काढतेय, वाकतेय, पोरीचा हात ओढून घेतेय. त्या पोरीनं हात पुढं केलेला नाही. म्हातारीनं ओढून घेतलाय. हे मला तिथं दिसलं.

बाईनं विचारलं, पैसे कशाबद्दल दिले?

"आशीर्वाद म्हणून," मी म्हटलं.

नंदन बोलले. बाईनं पुढचा प्रश्न लगेच टाकला. घरी रोज भेटता, मग आशीर्वाद द्यायला दीड तास बसनं इथं आलात? आणि सुनेला आधी सांगितलं नव्हतं? की सांगितलं होतं?

तेव्हा ध्यानात आलं. आशीर्वाद म्हटलं की आमचं दोघींचं ठरलेलं ठरतं. ठरलेलं नव्हतं हे दाखवायला एकच गोष्ट माझ्याकडं होती. ती उल्काच्या देखत सांगावी लागणार होती.

नंदनना म्हटलं, "लिहून घ्या म्हणावं. आधी बोलले ते खोटं. ती घरातून पैसे चोरते असं मला वाटत होतं. म्हणून तिला न सांगता आले. किती मिळतात ते मोजायला आले. आणि ती खिशात घालते का ते बघायला नोट दिली."

नंदन माझ्याकडं वळले. हळूच म्हणाले, "काकू, हे असंच सांगू?"

"असंच सांगा. मऊ करू नका."

त्यांनी सांगितलं. बाईनं माझ्याकडं बघितलं, मग उल्काकडं. "आणि तिनं मूठ डोक्याला का लावली?"

"मी शिकवलं म्हणून. दहा वर्षं. माझ्या हातातून आलेलं ती कपाळाला लावते. पैसे असू देत नाहीतर कढीलिंब." कढीलिंब सांगताना नंदन अडखळले. "आणि हेही लिहा. मी स्वतः सव्वीस वर्षं दवाखान्यात हातात पैसे घेतले आणि घरच्यांपासून निम्मे लपवले. चोराला सगळी घरं आपल्यासारखीच वाटतात."

लिहिणाऱ्यानं लिहिलं. बाईनं उल्काला विचारलं, यावर तुला काही सांगायचंय?

उल्कानं मान वर केली. मला वाटलं, आता सांगेल, त्या सात नोटांचं काय ते. तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "नो, मॅम."

येताना जयदीप गाडी चालवत होता. सिग्नलला त्यानं रेडिओ लावला आणि उल्कानं बंद केला.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

लक्ष्मीपूजन. पाटावर जयदीपनं त्याचं पाकीट ठेवलं. मी बटवा ठेवला. उल्कानं फराळ मांडला, दिवा लावला, आणि पाटावर स्वतःचं काही ठेवलं नाही. जाई म्हणाली, "मॉम, व्हेअर इज युअर मनी?" ती म्हणाली, "सुट्टीवर आहे."

मी नेहमीसारखे उल्कासाठी दिवाळीचे पैसे काढले. द्यायला हात पुढं केला, तेव्हा ती ताट घेऊन आत गेली होती.

२८ ऑक्टोबर, शनिवार

गोळ्या संपल्या होत्या, पट्ट्याही. एरवी दर पंधरा दिवसांनी उल्का आणते. आज जयदीप निघाला तर मीही गेले, पाय मोकळे होतील म्हणून. औषधाच्या दुकानात त्यानं कार्ड काढलं, ते चाललं नाही. दुसरं काढलं.

"सरकार देतं ना रे?" मी विचारलं.

त्यानं दुकानदाराकडं बघितलं, मग बुटांकडं. "या महिन्यात सरकारनं बंद केलंय, आई."

बरोबर आमच्या घरात अडचण असतानाच सरकारला सुचलं.

पिशवी माझ्याकडं होती. घरी येऊन पावती बघितली. इंग्रजी येत नाही, आकडे येतात. एकशे त्रेचाळीस.

आकडा पुन्हा वाचला. मग वही मागून उघडली आणि सप्टेंबरची पानं बघितली. दोनदा बघितली. सात नोटा, वीस साते एकशे चाळीस.

पावती वहीत ठेवली.

२९ ऑक्टोबर, रविवार

साखर १९६. आज अख्खी गोळी घेतली नाही, अर्धीच घेतली, पुरवायला. उल्कानं वही बघितली, पट्ट्या मोजल्या, आणि पाण्याचा पेला आणून उरलेली अर्धी माझ्यासमोर ठेवली. गिळेपर्यंत उभी राहिली.

सरकार फार कडक आहे.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

पत्र आलं. जयदीपनं दारातच उभं राहून वाचलं. पगाराविना गेलेला महिना हीच शिक्षा. एक लेखी ताकीद. परवाना राहिला. सोमवारपासून कामावर. मला त्या इमारतीत पुन्हा पाऊल टाकायला बंदी. तशीही जाणार कशाला होते?

जयदीपनं बायकोला मिठी मारली. माझ्यासमोर. मी भाजीकडं बघितलं.

पत्राबरोबर एक छोटं पाकीट होतं, माझ्या नावाचं. आत तीच वीसची नोट आणि सही केलेला एक कागद. माझी नोट मला परत. हे लोक पै इकडची तिकडं होऊ देत नाहीत.

त्या पाकिटाचं काय करायचं ते सुचत नाही. उशीखाली ठेवलंय.

७ नोव्हेंबर, मंगळवार

उमाताई आली होती. मी विचारलं, टीप किती ठेवायची असते, जर वाटणारीनं आपल्याला जिंकवलं नसेल पण आपण पुष्कळ दिवस तिच्या टेबलाशी बसलो असू?

"दिवस?" उमाताई म्हणाली. "तास म्हणा."

"बरं, तास."

"मग तर ठेवायचीच, बाई. ती उभी होती ना तेवढा वेळ."

१० नोव्हेंबर, शुक्रवार

बाहेर पहिला बर्फ पडला. जयदीपनं आज टायर बदलून घेतले, जुनेच, पण कुणाकडून तरी बरे मिळाले.

उल्का चार वाजता आली. आज पाकीट नव्हतं, टिपांचं आता दोन आठवड्यांनी चालू होणार. कोट काढला, हात धुतले, ओट्याशी जाऊन कुकर लावला.

मी जेवणाच्या टेबलाशी बसले होते. उशीखालची नोट काढून आणली होती. ती टेबलाच्या मधोमध ठेवली. घडी नव्हतीच, तरी हातानं सपाट केली. हात मागं घेतला. मग टाळी वाजवली आणि दोन्ही तळवे तिच्याकडं करून दाखवले, आधी उताणे, मग पालथे. माझ्या बोटांना बारीक बारीक टोचल्याच्या खुणा आहेत, त्याही दिसल्या असतील.

काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. बोलले नाही. टेबलाशी बोलत नाहीत फार.

उल्का कुकरजवळ होती. एक शिट्टी झाली. ती आली. नोटेकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं. नोट उचलली. कपाळाला लावली नाही. बोटाच्या पेरानं टेबलाच्या काठावर दोनदा टकटक केलं आणि फ्रिजवरच्या जाईच्या काचेच्या बरणीत नोट टाकली. ती बरणी सगळ्यांची आहे. जयदीपही त्यात सुटे टाकतो.

"आई, आजचा आकडा?"

"एकशे अठ्ठावन्न."

"लिहिला?"

"लिहिते."

"गोळ्या सोमवारी आणते," ती म्हणाली. "सरकारनं परत चालू केल्यात."

"बरं झालं," म्हटलं. "सरकारला सांग, अर्ध्या केल्या तरी चालतील."

"सरकार ऐकत नाही," उल्का म्हणाली, आणि कुकर बंद करायला गेली.